बाबांच्या सीरमची शेवटची कुपी

फ्रीझरच्या दारावर एक सूचना चिकटवलेली होती. ‘सीरम एकदा वितळलं की पुन्हा गोठवू नये. उरलेलं टाकून द्यावं.’ अक्षर ठसठशीत, खाली दोन रेघा. ही सूचना जिने लिहिली तीच बाई गेले चार महिने रोज सकाळी, लॅबमध्ये कुणी यायच्या आत तो फ्रीझर उघडायची, मागच्या कोपऱ्यातली एक कुपी काढायची, मुठीत धरून बसायची आणि आतल्या बर्फाचं पाणी झालं की कुपी परत जागच्या जागी ठेवायची. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. इथे तर दिवाच अंधारात जाऊन बसला होता.

लॅबमध्ये तिला सगळे बुरशीबाई म्हणत. नाव बाबांनी ठेवलेलं. एकदा भर कँटीनमध्ये त्यांनी “अगं ए बुरशीबाई!” अशी हाक मारली आणि त्या दिवसापासून तिचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं.

नाव मात्र कामाला साजेसं होतं. पाव फुगवणाऱ्या यीस्टची काही भावंडं माणसाच्या वाईटावर असतात. माणूस अशक्त झाला, नळ्या-सुयांच्या आधाराने जगायला लागला, की ती रक्तात शिरतात. ही भावंडं पुष्कळ, आणि सूक्ष्मदर्शकाखाली सगळी सारखीच दिसतात: गोल, फिकट, निरागस. त्यातलं एक साध्या औषधाला बहुतेक वेळा ऐकतं, बाकीच्यांपैकी काही भलतीच हट्टी. म्हणून रक्तात यीस्ट निघालं की डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, यातलं कोणतं? ते सांगणं बुरशीबाईचं काम.

त्यासाठी एक जुनी, स्वस्त आणि झटपट चाचणी आहे. अर्धा मिलिलिटर सीरम घ्यायचं, त्यात यीस्टचा नुसता स्पर्श करायचा आणि नळी अंगाच्या उबेइतक्या तापमानात दोन-अडीच तास ठेवायची. ते ऐकणारं भावंड असेल तर भिजत घातलेल्या कडधान्यासारखा त्याला कोंब फुटतो. बाकीची ढिम्म बसून राहतात.

आता सीरम म्हणजे काही अमृत नव्हे. रक्त साकळू द्यायचं, गरगर फिरवायचं आणि वर येणारं पिवळसर पाणी काढून घ्यायचं. विकतही मिळतं, पण ज्या दिवशी हवं त्या दिवशी नेमकं संपलेलं असतं. अकरा वर्षांपूर्वी असंच घोडं अडलं, तेव्हा तेव्हाच्या साहेबांनी परवानगी दिली: घरच्या निरोगी माणसाचं रक्त सगळ्या तपासण्या करून वापरा. बुरशीबाईने बाबांना आणलं. त्यांच्या सीरममध्ये शंभरातल्या पंच्याण्णव पेशींना कोंब फुटले.

“म्हणजे पहिला नंबर?” बाबांनी विचारलं.

“पहिला.”

परीक्षेला एकटाच उमेदवार बसला होता, हे तिने सांगितलं नाही.

तेव्हापासून दर दोन महिन्यांनी, पहिल्या सोमवारी, बाबा इस्त्रीचा शर्ट घालून लॅबमध्ये हजर. रक्त काढायला तारीखकाका. हे लॅबमधले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिलेली नसेल तर बाटली उचलून थेट कचऱ्यात टाकणारे, म्हणून तारीखकाका. ते बाबांच्या दंडाला पट्टा बांधत आणि विचारत, “काय, आज कशी आहे फॅक्टरी?” बाबा म्हणत, “जोरात आहे, ओढा.” मग बाप-लेक कँटीनमध्ये जाऊन बसत. बाबा दर वेळी दोन उकडलेली अंडी मागवत, एक उचलून तिच्यासमोर धरत, “ही भरपाई,” म्हणत आणि स्वतःशीच खुदकन हसत. विनोद काय झाला हे तिला कळायचं नाही. वय झालं की माणसं स्वतःच विनोद करतात आणि स्वतःच हसतात, अशी तिने समजूत करून घेतली होती. ती यीस्टच्या कोंबाचा कोन बघून जात सांगणारी बाई. समोरच्या माणसाचं हसू ओळखायची चाचणी तिच्याकडे नव्हती.

बाबांनी गावभर सांगून ठेवलं होतं. न्हावी, किराणावाला, बसमधला शेजारी, कुणी सुटला नाही. “हॉस्पिटलचं माझ्यावाचून अडतं. माझ्या रक्तात बीज रुजतं, साधी गोष्ट नाही.” ती शेजारी उभी राहून मान हलवायची आणि पोटात गिळलेलं सत्य आणखी थोडं खाली ढकलायची.

सत्य असं होतं की अंड्यातल्या पांढऱ्या भागातही तेच कोंब फुटतात. तितकेच आणि तितक्याच वेळात. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिनेच शोध घेतला होता. तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण पूर्णच्या पूर्ण अंड्यावर होतं, आलेखांसकट. म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातलं एक अंडं आणि तिचे बाबा, दोघांची शास्त्रीय किंमत सारखीच. पहिल्या वेळी घाईत सांगायचं राहिलं, आणि मग बाबांचा पहिला नंबर आल्यावर अकरा वर्षं तिने हे कुणालाही कळू दिलं नव्हतं. नव्या मुलांना शिकवताना ती ‘इतरही काही पर्याय आहेत’ म्हणून घाईने पुढच्या पानावर जायची.

मग चार महिन्यांपूर्वी एका गुरुवारी बाबा खुर्चीत बसल्या बसल्या गेले. मांडीवर वर्तमानपत्र, हातात पेन्सिल. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली; निवृत्त झाल्यावर वर्तमानपत्राच्या चुका काढत बसायचे. त्या दिवशी पहिल्या पानावरच्या सात काढून झाल्या होत्या.

बुरशीबाई पाचव्या दिवशी कामावर आली. रडली नाही, चुकली नाही, रिपोर्ट वेळेवर. सगळे म्हणाले, किती धीराची आहे. तिनेही ते नम्रपणे ऐकून घेतलं. धीर उणे वीस अंशांवर मागच्या कोपऱ्यात ठेवलेला होता, दीड मिलिलिटर.

हे असंच चाललं असतं. पण त्या मंगळवारी सकाळी साडेनऊला अतिदक्षता विभागातून डॉक्टरबाईंचा फोन आला.

“ताई, चार नंबरच्या आजोबांच्या रक्तात यीस्ट आहे म्हणालात काल. कोणतं?”

“आज प्लेटवर छान वाढलंय. पण जात ओळखणारं यंत्र सहा दिवस बंद आहे. सुटा भाग यायचाय.”

“कुठून यायचाय, चंद्रावरून?”

“तिथून लवकर आला असता.”

“हे बघा, जे औषध चालू आहे ते जोरदार आहे, पण त्यांच्या किडन्या बसत चालल्यात. साध्या औषधाला ऐकणारं यीस्ट असेल तर मला आजच बदलायचंय. चारला पुढचा डोस आहे. त्याच्या आत सांगा. मुलगी बाहेर बाकावर बसून आहे, दर तासाला विचारते. मी तिला काय सांगू, भाग आला नाही?”

बुरशीबाईने फोन ठेवला. “काका, विकतचं सीरम?”

तारीखकाकांनी एक बाटली उजेडासमोर धरली. आत ढग. “काल गढूळ दिसलं. फेकायला काढलंय. नवीन गुरुवारी येईल.”

“गुरुवारी आजोबांना काय उपयोग?”

“मग तुझं काढू का रक्त?”

इथे एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना तिला स्वतःलाही लाज वाटायची. शहरभरच्या बुरश्यांची खबर ठेवणाऱ्या या बाईच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाला बुरशी झाली होती. दोन महिने गोळ्या चालू होत्या. बुरशीचं औषध रक्तात असताना तिच्या सीरममध्ये कुठलं यीस्ट सुखाने कोंब काढेल?

“माझं चालणार नाही,” ती म्हणाली.

“अंगठा?” काका म्हणाले.

“तुम्हाला कसं माहीत?”

“चप्पल बदललीस ना. आणि मला कावीळ होऊन गेलेली, मी बाद. दुसऱ्या कुणाचं घ्यायचं तर आधी त्याच्या तपासण्या. संध्याकाळ होईल.” काकांनी चष्मा पुसला आणि फ्रीझरकडे न बघता म्हणाले, “बाकी तू बघ काय ते.”

त्या क्षणी तिला दोन गोष्टी आठवल्या. एक, कँटीनमध्ये अंडी असतात. दोन, मागच्या कोपऱ्यात बाबा आहेत.

शहाण्या बाईने पहिली निवडली असती. पण अंड्याचं नाव काढायचं म्हणजे काकांना सगळं सांगायचं. म्हणजे अकरा वर्षांतले सगळे पहिले सोमवार, तो इस्त्रीचा शर्ट, त्या दंडावरच्या सुईच्या खुणा यांतल्या कशाचीच गरज नव्हती असं आपल्याच तोंडाने कबूल करायचं. शिवाय तिच्या मनाने लगेच एक सुंदर चित्र रंगवलं. बाबांची शेवटची कुपी, एका आजोबांचा जीव आणि बाहेर बाकावर बसलेली एक मुलगी. इतका नेटका योग जुळल्यावर कुणाचीही बुद्धी चळेल. तिची चळायला तर चार महिन्यांपासून तयारच होती.

तिने कुपी काढली. मुठीत धरली. शेवटचीच वेळ म्हणून जरा जास्त धरली. मग तीन नळ्यांत अर्धा-अर्धा मिलिलिटर घातलं. एकीत आजोबांचं यीस्ट. दुसरीत खात्रीने कोंब काढणारं, कपाटात जपलेलं यीस्ट. तिसरीत कधीच न काढणारं. पावणेदहाला तिन्ही नळ्या उबेत ठेवल्या आणि रिकामी कुपी कोटाच्या खिशात टाकली.

सव्वाबाराला तिने आजोबांचा थेंब काचेवर घेतला. गोल, गोल, गोल. कोंब एकही नाही. म्हणजे हट्टी जात. म्हणजे जोरदार औषध चालूच, आणि किडन्यांचं जे व्हायचं ते. तिचा हात फोनकडे गेला.

“कंट्रोल बघितलंस?” पाठीमागून तारीखकाका.

तिने दुसरा थेंब घेतला. ज्याला कोंब फुटायलाच हवेत, त्या पडताळणीच्या यीस्टचा. गोल, गोल, गोल. शंभर पेशी मोजल्या, आणखी शंभर मोजल्या. सगळ्या हाताची घडी घालून बसल्यासारख्या.

आजोबांच्या यीस्टने काहीच सांगितलेलं नव्हतं. सीरमच मेलं होतं. चार महिने, रोज सकाळी, मुठीत धरधरून तिने ते मारलं होतं. दारावर सूचना होती, अक्षर तिचंच होतं, खाली दोन रेघा होत्या. कंट्रोल बघितलं नसतं तर बाबांच्या नावाने तिने एका माणसाला चुकीचा रिपोर्टही दिला असता.

ती स्टुलावर बसली आणि तिला हसू आलं. आवाज न होता, खांदे हलवत. मग ते हसू कुठे संपलं ते तिला नीट कळलं नाही. काकांनी टिश्यूचा डबा सरकवला. डब्यावर उघडल्याची तारीख होती.

“काका, ते सीरम...”

“मला ठाऊक आहे कुणाचं ते. आपला माणूस गेला, रडावं, पण अडीच तास गेले ना गं. आता पुढचं बोल.”

“अंडं,” ती म्हणाली.

“भूक लागलीय?”

“नाही. अंड्यातल्या पांढऱ्यातही कोंब फुटतात. सीरमइतकेच.”

“कुणी सांगितलं?”

“मीच. प्रबंधात आहे माझ्या. तिसरं प्रकरण.”

“आणि अकरा वर्षं आम्ही त्या भल्या माणसाला सुया टोचल्या!”

तिने मान खाली घातली. मूग गिळून गप्प बसायची अकरा वर्षांची सवय होती, पण आता गिळायला काही उरलं नव्हतं.

“कार्यपद्धतीच्या फाइलीत अंडं नाही,” काका म्हणाले. म्हणेपर्यंत त्यांनी कोट काढून ठेवला होता. “ताजं हवं ना? कच्चं?”

“उकडलेलं नको,” ती म्हणाली आणि दोघांनाही एकदम बाबा आठवले.

काका कँटीनमधून दोन अंडी घेऊन आले. कँटीनवालीने विचारलं होतं, कच्ची कशाला? काका म्हणाले होते, ऑपरेशन आहे. बुरशीबाईने कवच स्पिरिटने पुसलं, निर्जंतुक चिमट्याने टोकाला भोक पाडलं आणि पांढरं काढून घेतलं. पुन्हा तीन नळ्या. काकांनी तिन्हींवर तारीख घातली, वेळ घातली, आणि जरा विचार करून ‘अंडे क्र. १’ असंही लिहिलं. पावणेएक वाजला होता.

डॉक्टरबाईंना तिने स्वतः फोन केला. “उशीर माझ्यामुळे झालाय. पहिली चाचणी मी जुन्या, खराब सीरममध्ये लावली. पुन्हा लावलीय. सव्वातीनला सांगते.”

“नक्की सव्वातीन?”

“नक्की.”

ते अडीच तास तिने न जेवता, उबेच्या पेटीसमोर, कोंबडीसारखं बसून काढले. ही उपमा तिलाच सुचली आणि तिने ती स्वतःला पूर्ण लागू केली.

सव्वातीनला तिने आधी कंट्रोल घेतलं. कोंब. सरळ, लांब, मुळाशी जराही न आवळलेले, जसे असायला हवेत तसे. तिसऱ्या नळीतलं ढिम्म, जसं असायला हवं तसं. मग आजोबांचा थेंब. भिंग फिरवताना तिने कोपर टेबलावर टेकवलं.

कोंब होते. तिने शंभर पेशी मोजल्या. पंच्याण्णव भरल्या असत्या तर गोष्ट छान झाली असती. एक्क्याण्णव भरल्या.

“साध्या औषधाला बहुतेक ऐकणारंच आहे,” तिने फोनवर सांगितलं. “रिपोर्ट तात्पुरता. पद्धत नेहमीची नाही, अंड्याच्या पांढऱ्यात केलीय, दोन्ही कंट्रोल बरोबर आलेत. औषधाची चाचणीही लावलीय. यंत्र चालू झालं की पुन्हा तपासते.”

“अंड्यावर विसंबू म्हणता?”

“माझ्यापेक्षा अंड्यावर विसंबा.”

डॉक्टरबाई हसल्या. मग म्हणाल्या, “बदलते औषध. मुलीला सांगते.”

निघताना तारीखकाकांनी टाकून दिलेल्या मालाची वही तिच्यापुढे ठेवली. “खिशातली कुपी दे.” तिने दिली. काकांनी मागची पानं उलटली. दर महिन्याच्या फ्रीझर-तपासणीत एका ओळीवर त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: मागचा कोपरा, कुपी एक, मुदत संपलेली, निर्णय बाकी. चार महिने, चार वेळा. बिनतारखेची बाटली क्षणभर न ठेवणारा माणूस.

“आता कारण काय लिहू?” त्यांनी विचारलं.

“वारंवार हाताळल्यामुळे निकामी.”

त्यांनी लिहिलं. तिने सही केली.

घरी आई जेवायची थांबली होती. बाबा गेल्यापासून दोघी एकमेकींशी फार जपून बोलत. ‘मीठ देतेस का’, ‘दिवा घालवू का’, इतपत. त्या रात्री ताट पुढे ओढून लेकीने सगळं सांगून टाकलं. कुपीचं, मुठीचं, आजोबांचं आणि शेवटी अंड्याचं.

“अकरा वर्षं मी त्यांना फसवलं, आई. त्यांची काही गरज नव्हती.”

आईने पोळीचा तुकडा ताटात परत ठेवला. “अगं, त्यांना माहीत होतं ते.”

“काय माहीत होतं?”

“अंड्याचं.”

“कसं माहीत असेल?”

“तुझा प्रबंध कुणी तपासला होता? शुद्धलेखनाला कुणाकडे दिला होतास?”

बुरशीबाईला आठवलं. तीनशे पानं तिने स्वतःच्या हाताने बाबांच्या टेबलावर ठेवली होती. तिला वाटलं होतं, ते स्वल्पविराम बघतायत. स्वल्पविराम बघायला वाक्य वाचावं लागतं, हे इतकं शिकूनही तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

“पहिल्यांदा रक्त देऊन आले तेव्हाच मला म्हणाले,” आई सांगत होती. “म्हणाले, पोरगी विसरली बहुतेक, अंड्यानेही होतं. मी म्हटलं, मग सांगा तिला. तर म्हणाले, तू गप्प बस. सांगितलं तर ती मला बोलावणं बंद करेल. एरवी घरात दोन शब्द बोलायला तिला वेळ असतो का?”

दोन उकडलेली अंडी. ही भरपाई. दर वेळचं खुदकन. ती समोर बसून मीठ सरकवत असायची.

आई उठली आणि कपाटातून तो जाडजूड प्रबंध घेऊन आली. बांधलेली प्रत, बाबांना भेट दिलेली. तिसऱ्या प्रकरणात, ‘अंड्याचा पांढरा भाग सीरमला समर्थ पर्याय ठरतो’ या वाक्यावर पेन्सिलीने काट मारलेली होती. आणि काट मारलेल्या शब्दांखाली एकेक करून ठिपके दिले होते. ठिपक्यांचा अर्थ तिला लहानपणापासून माहीत होता, छापखान्यातल्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर चित्रं काढत ती मोठी झाली होती. खोडलेलं खोडू नका. आहे तसंच राहू द्या.

तिने पान मिटलं नाही. आईनेही मिटायला सांगितलं नाही.

आई म्हणाली, “मग आता तुमच्याकडे अंडी कोण आणणार?”

“कँटीनमधून घेऊ. दोन दिवसांनी विकतचं सीरम येईलच, आई. रोज नाही लागणार.”

“कँटीनमधली शिळी असतात,” आई म्हणाली. तिने ताटं एकात एक ठेवली आणि ओट्याकडे जाता जाता, पाठमोरीच, विचारलं, “पहिला सोमवार कधी आहे?”